पाणी मोजता येत नाही

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, इंग्रजी व्याकरणानुसार पाणी मोजता येत नाही. परवा लेकीच्या वहीत हा नियम दिसला आणि मी मनानं थेट गेवराईकडच्या आमच्या शाळेत, दुष्काळातल्या सातवीच्या वर्गात जाऊन बसले.

त्या दिवशी तपासणी होती. वर्गाचं इंग्रजी साहेबांना पसंत पडलं, तर गुरुजींची बदली त्यांच्या बायकापोरांजवळ, बीडला होणार होती. म्हणून त्यांनी आठवडाभर आमच्याकडून घोकून घेतलं होतं की घागर मोजता येते, पाणी नाही. साहेबांसाठी टेबलावर झाकून ठेवलेल्या तांब्याकडे आम्ही सगळ्या टक लावून बघत होतो.

साहेबांनी नेमकं विचारलं, "वॉटर?"

शशी ताडकन उठली. "मोजता येतंय की! गावच्या सोसायटीचा टँकर आला की चेअरमन मोजून देतेत. घरटी दोन घागरी!"

आम्ही खिदळलो. गुरुजींच्या कपाळावरचा घाम मला आजही दिसतो.

"हे शिकवलंत तुम्ही?" साहेब गुरगुरले.

गुरुजींनी नियम सांगायला तोंड उघडलं, पण निघालं भलतंच.

"पोरगी खरं बोलती, साहेब! काल माझी तिसरी घागर चेअरमननं दुसऱ्याच्या हंड्यात ओतली!"