पंखा ठेवायचा की काढायचा

अकोल्याच्या फुलबाजारात हर्षाला सगळे ओळखत ते तिच्या तोंडामुळे आणि तिच्या गाडीमुळे. झेंडू विकणाऱ्या बाईनं जुनी, सुसाट पळणारी स्पोर्ट्स गाडी बाळगावी, हे लोकांच्या पचनीच पडत नव्हतं. पण हीच बाई चिखलदऱ्याच्या घाटातल्या शर्यतीत दुसरी आली, तेव्हा त्याच लोकांनी तिच्याच दुकानातले हार उचलून तिच्या गळ्यात घातले. घ्या आता!

यंदा तिला पहिलं यायचं होतं. पुढच्या वर्षापासून इतक्या जुन्या गाड्या शर्यतीत घेणार नव्हते. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

आणि नेमकी यंदाच माय आजारी पडली. माणिकबाईंच्या गळ्यात गाठ निघाली, अमरावतीच्या दवाखान्यात किरणांचे रोजचे शेक सुरू झाले, ते शर्यतीनंतरही चालणार होते. त्या शेकानं गळ्याची कातडी अशी भाजली, की उन्हाची झळही सोसेना. गाडीतला एसी तेवढा आधार. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकदोनदा गाडी दिली, मग हर्षा दिसली की ते दार लावू लागले. रोज मरे त्याला कोण रडे? शेवटी हर्षा मायला शर्यतीच्याच गाडीतून नेऊ लागली.

अशात मूर्तिजापूरजवळ रस्त्याच्या कामात गाड्या खोळंबल्या आणि हर्षाच्या बॉनेटमधून भसाभस वाफ निघाली. रेडिएटर फुटला, एसी बंद. मे महिन्याची दुपार. माय बाभळीखाली ओला पदर गळ्याला धरून कण्हत बसली, आणि हर्षा दिसेल त्या गाडीला हात करत, रडत, शिव्या देत रस्त्यात उभी. शेवटी एका टेम्पोवाल्याला दया आली. त्यानं मायला पुढं बसवलं आणि गाडी ओढत अमरावतीला, मोहसीनच्या रेडिएटरच्या दुकानापर्यंत आणून सोडली.

"हा गेला कामातून, ताई," मोहसीन म्हणाला. "नवा अ‍ॅल्युमिनियमचा टाका. दोन हायेत माह्याजवळ."

एक जाड. तो लावला की घाटात गाडी कितीही दामटा, तापणार नाही. पण त्याच्यासाठी पंखा काढावा लागणार, पंखा ज्यावर बसतो ती पट्टीही कापावी लागणार, आणि कापलेली पट्टी पुन्हा जुळत नाही. बिनपंख्याची गाडी एसी लावून उभी केली की उकळलीच. दुसरा पातळ. त्यात पंखा राहतो, एसी चालतो. घाटात मात्र अर्ध्यावर दम तुटणार.

"दोन्ही नाही का जमत, मोहसीनभाई?"

"जागाच नाही ना ताई! तुमीच सांगा, गाडी पळणार हाय का उभी राहणार हाय?"

दवाखान्याची रांग, रेल्वेचं फाटक, रस्त्याचं काम. क्षणभर हर्षाच्या मनात आलं, हिला यंदाच आजारी पडायचं होतं? आणि तिला स्वतःचीच किळस आली.

"जाड बसव, हर्षे," माय बसल्या आवाजात म्हणाली. "मी जाईन एसटीनं."

"एसटीनं? पाणी गिळवत नाही तुले, अन् एसटीनं जातो म्हणते! गप बस तू!" हर्षा खेकसली. मग मोहसीनकडं न बघताच म्हणाली, "उभी राहणार हाय, भाऊ. पातळवाला बसवा."

मोहसीननं पाना उचलला. मायनं तिचा हात धरला.

"शर्यत गेली ना वं पोरी, माह्यापायी?"

हर्षाला 'नाही' म्हणायचं होतं.

"गेली," ती म्हणाली, आणि मायच्या मांडीत डोकं खुपसून ढसाढसा रडली.