तळहातावरचा थेंब

सुलतानपूरची अंबूबाई डावखुरी आहे, असं अर्ध्या गावाला वाटे. डावखुरी नव्हती ती. स्वयंपाक करताना पळी तेवढी डाव्या हातात धरायची. उकळत्या भाजीचा थेंब उजव्या तळहातावर घ्यायची, फुंकर मारायची, चाखायची आणि मान हलवायची. मान हलली की भाजी झाली. तीस-पस्तीस वर्षं रोज दोन वेळा हाच उद्योग केल्यानं त्या तळहाताच्या मधोमध कवडीएवढा तांबूस डाग पडला होता.

ही रीत तिच्या मायची, झुंबरबाईची. छप्पनच्या दुष्काळात घरात मूठभर ज्वारीच्या कण्या आणि बांधावरचा पाला याशिवाय काही नव्हतं, तेव्हाही झुंबरबाई थेंब घेतल्याशिवाय भांडं उतरवत नसे. मीठ नेमकं पडलं की थोडक्यात पोट मानतं, असं तिचं म्हणणं. चार लेकरं तिनं त्या कण्यांवर आणि अंबाडीवर जगवली. अंबूबाई त्यातली थोरली. शिकवायला कोणी बसलं नव्हतं. मायच्या हाताकडे पाहत राहिली, एवढंच.

सासर माळ्याचंच मिळालं. नवरा पुंजाजी, विहिरीखाली दीड एकर बागाईत. वांगी, मिरची, लसूण, आणि बांधाला अंबाडी. गावात कोणी तापातून उठलं आणि तोंडाला चव नसली, की घरचे म्हणायचे, जा, अंबूबाईकडून वाटीभर भाजी आण. अंबाडीचा पाला उकडायचा, त्याचं आंबट पाणी थोडं काढायचं, थोडं ठेवायचं, त्यात कण्या शिजवून घोटायच्या, वरून जवसाच्या तेलात लसूण तडतडवून टाकायचा. दिसायला शेणकाल्यासारखी, पण आजारी माणूस ती वाटी चाटूनपुसून परत पाठवी. पुंजाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "दवाखाना मेहकरले अन् खानावळ आमच्या घरी."

एकच लेक, कोकिळा. ती साखरखेर्ड्याला दिली होती. व्याही भगवंतराव मोठं प्रस्थ. चाळीस एकर रान, वर किराण्याचं दुकान. जावई नारायणराव दुकानात बसायचा. लग्नाला तीन वर्षं झाली, अजून मूल नव्हतं, आणि मूल नव्हतं म्हणून अंबूबाईला लेकीच्या घरचं पाणीसुद्धा चालत नव्हतं. रीतच तशी. लेकीला मूल होईपर्यंत मायबापानं तिच्या घरचं अन्न तोंडात घालायचं नाही, घातलं तर तिची कूस उजवत नाही. तीन वर्षांत अंबूबाई चारदा गेली. चारही वेळा भाकरी फडक्यात बांधून नेली आणि पाणी गावच्या विहिरीवर जाऊन प्यायली. विहीण सरस्वतीबाई तिला टोमणे मारी, की आमच्या घरी काय इख हाय का. पण रीत मोडा असं तिनंही कधी म्हटलं नाही. नातवाची वाट तीही पाहत होती.

त्या वर्षी भादव्यात कोकिळेला ताप आला. एकवीस दिवस राहिला. दवाखान्याच्या औषधानं उतरला, पण जाताना अन्नावरची वासना घेऊन गेला. डोणगावच्या बाजारात पुंजाजी मिरची विकत बसला होता, तिथं साखरखेर्ड्याच्या एका माणसानं त्याला सांगितलं, की तुमची लेक हाडावर आली, घासभर खात नाही.

पुंजाजीनं घरी येऊन सांगितलं, तशी अंबूबाई उठली. खुरपं घेऊन बांधावर गेली. अंबाडीच्या तीन जुड्या कापल्या, ओल्या धोतरात गुंडाळल्या. कण्यांची पिशवी, जवसाच्या तेलाची बाटली, लसणाची गड्डी, स्वतःसाठी चार दिवसांच्या भाकरी. तांबडं फुटायच्या आधी पुंजाजीनं दमणीला बैल जुंपले.

साखरखेर्ड्याला पोचायला दिवस कलला. कोकिळा माजघरात भिंतीकडं तोंड करून निजली होती. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. उशाशी शिऱ्याची वाटी, वर तुपाचा थर गोठलेला. सरस्वतीबाईनं आपल्या परीनं काही कमी केलं नव्हतं. शिरा, दूधपोळी, शेवयांची खीर, बदाम उगाळून. सून तोंड उघडत नव्हती.

"ईनबाई," ती म्हणाली, "तूप-साखरेनं उठली नाही, ते तुमच्या अंबाडीनं उठन काय?"

पण चूल मोकळी करून दिली.

अंबूबाईनं पाला उकडला, कण्या टाकल्या, घोटलं. पळी डाव्या हातात घेऊन उजवा तळहात पुढं केला आणि तो तसाच थांबला. भांडं लेकीच्या घरचं, चूल लेकीच्या घरची, मीठ लेकीच्या घरचं. एक थेंबही अन्नच. तिनं हात लुगड्याला पुसला आणि अंदाजानं तीन बोटांच्या चार चिमटी मीठ टाकलं, घरी टाकायची तेवढंच. पण घरचं मीठ खड्याचं. हे किराणा दुकानदाराचं घर, इथं मीठ कुटून बारीक केलेलं, आणि चिमटीत खड्यापेक्षा दुप्पट मावणारं. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा वाटी कोकिळेच्या हातात होती.

कोकिळेनं मायचं मन राखायला एक घास गिळला. डोळ्यांत पाणी आलं. वाटी तिनं हळूच जमिनीवर ठेवली. सरस्वतीबाईनं बोट बुडवून चाखलं आणि मोरीवर जाऊन चूळ भरली.

"मिठाचं पोतं उपडं केलं काय, ईनबाई?"

पस्तीस वर्षांत अंबूबाईला असं कोणी म्हटलं नव्हतं. ती बाहेर आली. ओसरीवर बसून आपली कोरडी भाकर खाल्ली, कांद्याबरोबर.

दुसऱ्या दिवशी सरस्वतीबाईनंच तोड काढली. अंबूबाईनं शिजवायचं, चाखायचं काम आपल्याकडं. ऐकायला बरं वाटलं. पण दुकानदाराच्या घरची जीभ गुळाला सोकावलेली. त्या घरी डाळीत गूळ, भाजीत गूळ, कढीतही गूळ. तिनं पळी चाखली, तोंड वाकडं केलं, म्हणाली फार आंबट आहे. अंबूबाईनं पाणी काढलं. अजून आंबट. अजून काढलं. मग सरस्वतीबाईनं मायेनंच, सुनेला गोड लागावं म्हणून, सुपारीएवढा गुळाचा खडा सोडला. अंबूबाईला पळीचा वासच सांगत होता, की ही अंबाडी राहिली नाही. पण चाखलंच नव्हतं, तर बोलायचं कशाच्या जोरावर?

कोकिळेनं दोन घास खाल्ले.

"माय, हे तुह्या हातचं नाही," म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडं वळली. मायकडं पाठ करून निजलेल्या त्या पोरीची पाठ अंबूबाईला सगळी दिसली. मणके मोजून घ्यावेत अशी.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं जुड्यांवरचं ओलं धोतर सोडलं. एकच जुडी उरली होती, तिचीही पानं कडेनं काळी पडायला लागलेली. एका वेळची भाजी. ही बिघडली तर सुलतानपूरला जाऊन यायला दोन दिवस, आणि कोकिळेत दोन दिवसांचं त्राण आहे की नाही, हे दवाखानाही सांगू शकत नव्हता.

तिनं चूल पेटवली. सरस्वतीबाई समोरच सुपात डाळ पाखडत बसली होती. तिला काहीतरी काम सांगून बाहेर पाठवता आलं असतं. अंबूबाईनं पाठवलं नाही. जे करायचं ते लपून करायचं तिला जमत नव्हतं.

पाला उकडला. आंबट पाणी काढलं, किती ते ठरवून नाही. कण्या शिजल्या, घोटून झाल्या, फोडणी पडली. बारीक मीठ बोटांच्या टोकानं टाकलं. मग पळी डाव्या हातात घेतली आणि थेंब उजव्या तळहातावर, त्या तांबूस डागावर सोडला. फुंकर मारली. समोरच्या सुपाचा आवाज बंद झाला.

जे लेकरू अजून आलं नाही ते एकीकडं, आणि जे आलं होतं, वाढलं होतं, ते माजघरात निजलेलं. अंबूबाईनं थेंब चाखला.

मीठ कणभर कमी होतं. तिनं कणभर टाकलं. पुन्हा थेंब घेतला, पुन्हा चाखला आणि मान हलवली.

कोकिळेनं पहिला घास घेतला आणि थांबली. दुसरा घेतला. तिसऱ्या घासाला उठून भिंतीला टेकून बसली. वाटी निम्मी झाल्यावर तिनं मायच्या तोंडाकडं पाहिलं.

"माय, तू चाखली."

"खाय मुकाट्यानं."

कोकिळेनं वाटी संपवली. बोटानं पुसून घेतली आणि चतकोर भाकर मागितली. ती भाकर न्यायला अंबूबाई परत चुलीपाशी आली, ते ऐकून घ्यायची तयारी करूनच. विहीण काय बोलणार हे तिनं मनात सगळं म्हणून पाहिलं होतं. उद्या कूस उजवली नाही तर खापर कोणावर फुटणार, हेही.

सरस्वतीबाईनं जेवायला दोन पितळ्या मांडल्या होत्या.

"आता थेंब काय अन् भाकर काय. बसा," ती म्हणाली.

"अन् लेकराचं?"

"होईन तवा होईन. माही सून उठू द्या आधी."

अंबूबाईनं कोकिळेला चतकोर नेऊन दिली, हात धुतले आणि विहिणीशेजारी बसली. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या घरचा घास तोंडात घातला, चावला.

"दाळीत गूळ लय टाकता तुमी," म्हणाली.

"तुमच्या लेकीनं तीन वर्षांत कधी म्हटलं नाही."

"ते गरीब हाय. मी नाही."

कोकिळा आठ दिवसांत अंगणात हिंडायला लागली. मूल व्हायला मात्र पुढं चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत सुलतानपूरच्या बायांनी अंबूबाईला पाणवठ्यावर पुष्कळ ऐकवलं. पुंजाजीनं तर हट्टानं आपली भाकर बांधून नेणं सोडलं नाही. व्याह्याच्या ओसरीवर बसून तो कोरडी भाकर खाई, आणि आत बायको पोटभर जेवत असे. सरस्वतीबाईनं त्या दिवसाचा शब्दही कधी काढला नाही. नातू झाला तेव्हासुद्धा नाही.

तिनं एकच केलं. दुकानात बारीक मीठ असताना चुलीपाशी खड्याच्या मिठाचं एक मडकं वेगळं भरून ठेवलं. अंबूबाई यायची असली की त्याचं झाकण ती स्वतः पुसून घ्यायची.