बारा बायका, पंधरा दिवस

व्यस्त चलन मी शिकले ते केंदूरहून रांजणगावला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. पॅकिंग लाइनवर आम्ही बाराजणी कंत्राटी होतो. लेखी परीक्षेत पास होईल तिला कायम करणार होते, पण पस्तिशी उलटलेलीला बसू देणार नव्हते. म्हणजे माझी ही पहिली आणि शेवटची संधी. दहावीला ज्या गणितानं माझा घात केला, तेच पुन्हा मानगुटीवर येऊन बसलं.

लाइनवर माझ्या शेजारी उभी राहणारी मुलगी बसमध्येही शेजारीच बसायची. आठवीचं पुस्तक मांडीवर उघडून ती मला समजवायची. "ताई, माणसं वाढली की दिवस कमी. माणसं कमी झाली की दिवस जादा. दोन्हीचा गुणाकार मातुर हालत न्हाई. तेवढा धरून ठेवा." मी धरून ठेवला. भाकरी थापतानाही पुटपुटत होते. सासूबाई म्हणाल्या, "येड लागलंय व्हय तुला?" लागलंच होतं.

पेपरात तेच आलं. बारा कामगार एक काम पंधरा दिवसांत करतात, तीन कामगार कमी झाले तर किती दिवस लागतील? एकशे ऐंशी भागिले नऊ, वीस. लिहिलं. मग त्या विसाकडे बघत बसले. असं कधी झालंय? आमच्याकडे तिघी आल्या नाहीत तरी मालाची गाडी सहालाच जाते. आदल्याच आठवड्यात मी याच हातांनी भरली होती. जास्तीचे पाच दिवस कोण देतं? मला वाटलं, हे आपल्याला फसवायला घातलंय. वीस खोडून मी पंधरा लिहिलं.

एका मार्कानं गेले. तिघी पास झाल्या, त्यात ती मुलगीही. "ताई, ते गणित विसच आलं हुतं ना?" तिनं विचारलं. मी व्हय म्हणाले. माझाच मला इतका राग आला की केंदूरचा फाटा येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडत होते.

सोमवारी त्या तिघी दुसऱ्या विभागात गेल्या. आम्ही नऊजणी बदलीच्या बायकांची वाट बघत दाराकडे बघत होतो. सुपरवायझर आला. "बदली कोण न्हाई. गाडी सहाला."

आठ तासांचं काम. बारा आठे शहाण्णव, भागिले नऊ. दहा तास चाळीस मिनिटं. खोक्यांना टेप मारता मारता मी तोंडी केलं, अगदी बरोबर. जेवायला कुणीच गेलं नाही. गाडी सहाला पाच मिनिटं असताना सुटली.

"बघा, झालं का न्हाई?" सुपरवायझर म्हणाला.

तेव्हापासून आम्ही नऊजणीच आहोत.