नव्या मोहाच्या आधी

हॉस्टेलच्या मेसमध्ये ताट घेऊन उभी होते, तेव्हा बाबांचा फोन आला. "बाई गेली. ये," एवढंच म्हणाले. बाई म्हणजे त्यांची मोठी बहीण, माझी राजोआत्या. बाबांच्या तोंडून हा शब्द कित्येक वर्षांत ऐकला नव्हता, त्यामुळे कोण गेलं हे समजायला मला थोडा वेळ लागला… चंद्रपूरहून मुलचेऱ्यापर्यंत बसनं आले आणि पुढे गावापर्यंत कोणाच्या तरी मोटारसायकलवर.

आत्या विधवा झाल्यावर काही वर्षं बाहेर एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिथे तिनं येशूला मानलं आणि तो विश्वास घेऊनच ती गावात परतली. आमचं गाव गोंडांचं, आपले देव आपल्या रीतीनं पाळणारं. तिनं गावच्या पूजेत हात जोडणं सोडलं, पूजेचं मटण घेणं सोडलं आणि बाबांनी तिच्या घरी जेवणं सोडलं. भांडण असं झालं नाही. जंगलातून येताना बाबा सरपणाची एक मोळी तिच्या कुंपणाला टेकवून ठेवत आणि न बोलता पुढे जात. आतून ती म्हणायची, "भाऊ, पाणी तरी पिऊन जा." ते थांबत नसत. मला मात्र तिच्याकडे जायला कोणी अडवलं नाही.

रविवारी तिच्या पडवीत चार-पाच जण प्रार्थनेला जमत. तिला वाचता येत नव्हतं. दुसऱ्या कोणी शास्त्रातलं वाचलं की त्यावर ती बोलायची, आणि बोलायची ते आठवड्यात हातून झालेल्या कामाबद्दल. एकदा आंबिलीवर बोलली. "हांडी पार खरवडून धुतली तं नवी आंबील आंबत नाई. मागची थोडी बुडाले ठेवा लागते. देवानं माह्यं तसंच केलं. सगळी धुऊन नाई काढली मले. गोंडीन होती, गोंडीनच राह्यली." मी तिला चिडवायची, "आत्या, तुले सगळ्यातच धडा दिसते. त्या बकरीत काय दिसून राह्यलं?" ती म्हणाली, "बकरीत बकरी दिसते. माह्यी भाजी खाऊन राह्यली ते नाई दिसत तुले? हाकल तिले!"

त्या दिवशी मी पोचले तेव्हा अंगणात दोन बाजूंना माणसं बसली होती. मुलचेऱ्याहून आलेले तिच्या प्रार्थनेतले लोक तिला तिकडच्या दफनभूमीत न्यायला तयार होते. दुसऱ्या बाजूला गावातली जुनी माणसं होती. तिला गावच्या मातीत जागा द्यायची की नाही, एवढंच ठरायचं होतं. बाबा म्हणाले, "इथीच ठेवू." लगेच कोणीतरी म्हणालं, "काऊन? तिनं देव सोडले ना? मंग गावची माती कायले पायजे?"  

तेव्हा गावच्या म्हाताऱ्या पुजाऱ्यांनी बिडी विझवली. "पंडुमाच्या आधी तिले नवा मोह खाताना कोणी पायलं काय?" असं त्यांनी विचारलं. पंडुम म्हणजे आमचा सण. त्या दिवशी नवी मोहफुलं आधी देवाला देतात, मग गाव खातं. तोवर वेचायची, वाळवायची, पण तोंडात घालायची नाहीत. रीत कडक आहे, पण सगळ्यांकडून पाळली जातेच असं नाही. मागून एक जण म्हणाला, "पुजारीबाबा, तुमचा नातूच खाते ना!" थोडं हसू झालं. पुजारी म्हणाले, "नातवाचं मंग पाहू. बाईचं सांगा." तिला तसं कोणी पाहिलंच नव्हतं.

मी तिला एकदा विचारलं होतं, पूजा तुझी नाही तर तू काऊन थांबतेस? फुलं सुपात पसरत ती म्हणाली होती, "गाव थांबते अन मी खाऊ? येशू जेवाले बसला तं कोणाले टाकून बसला काय?" मला तेव्हा तो तिच्या नेहमीच्या धड्यांपैकी एक वाटला. अंगणात हे कोणाला सांगावं का, असं मनात आलं… पण तोवर पुजारी उठले होते. "गावची हाय. कुदळ आणा," म्हणाले. मुलचेऱ्याच्या लोकांनी खड्ड्याशी आपली गाणी म्हटली, मग गावानं माती दिली.

मागच्या रविवारी मी घरी होते. मोह पडायला लागला आहे, पंडुम अजून व्हायचा आहे. आत्याच्या पडवीत ते चार-पाच जण अजून जमतात. आई म्हणाली, तुझे बाबापण जातात. मी जाऊन पाहिलं. बाबा पडवीच्या कडेला, खांबाशी बसले होते. ते हात जोडत नाहीत, डोळे मिटत नाहीत. त्यांना दर घटकेला तंबाखू-सुपारीचा खर्रा लागतो. पुडी मुठीत होती. त्या दिवशी प्रार्थना लांबली, एक जण पुनःपुन्हा आजारी बायकोसाठी मागत होता. बाबांनी दोनदा पुडीकडे पाहिलं. सगळे आमेन म्हणाले, उठले, चपला घालू लागले, तेव्हाच त्यांनी ती उघडली.