दोन बोटं माया

आमचे मास्तर बोलण्यात महाकंजूष. टेप गळ्यात, खडू कानावर आणि तोंडाला कुलूप. कापडाच्या बाबतीत मात्र हात सैल. शिवणीच्या आत जादा कापड सोडतात ना, त्याला शिंपी माया म्हणतात, ती यांची चांगली बोटभर. शिवण जाड लागते म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरायची. हे म्हणायचे, माणूस वाढतं. झालं यांचं भाषण.

त्या दिवशी लग्नाला तीस वर्षं पूर्ण झाली होती आणि या गृहस्थाला पत्ताच नव्हता. चहा पिऊन निघाले आपले दुकानाला. माझा राग नाकाच्या शेंड्यावर, जिभेला हाड नाही. दारातच ऐकवलं, "तुमची सगळी माया कापडात. घरात सूतभरसुद्धा नाही." त्यांनी चपला घातल्या आणि गेले.

अकराच्या सुमारास शेजारचा घड्याळवाला धावत आला. कुणाच्या तरी खांद्याचं माप घेताना मास्तरांच्या हातून टेप सुटली, ती उचलायला वाकले ते पडलेच. उजवा हात गेला, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, जगतील, पण बोलतील की नाही ते सांगता येत नाही. मी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून होते. जाताना या माणसाने माझ्या तोंडून काय ऐकलं, तर ते. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

पुढचे चार महिने त्यांना भरवायचं आणि ताटातलं उरलेलं आपण संपवायचं. मी चांगली गोल झाले. एके सकाळी ब्लाऊज अंगात शिरेना, म्हणून बाजूची शिवण उसवली. आत पूर्ण दोन बोटं माया. दुसरा उसवला, तिसरा उसवला. सगळ्यांत दोन बोटं. आणि इतकी वर्षं ब्लाऊज टोचतो म्हणून मीच यांच्या नावाने खडे फोडत होते.

तशीच तो ब्लाऊज घेऊन खिडकीपाशी गेले. हे खुर्चीत बसले होते.

"लोकांना एक बोट आणि मला दोन? कधी सांगितलं का नाहीत हो?" मी म्हटलं. "त्या सकाळचं माझं बोलणं मनात ठेवू नका."

त्यांचे ओठ बराच वेळ हलले. डाव्या हाताने त्यांनी ती शिवण चाचपली.

"तू... लवकर... उसवतेस."

चार महिन्यांनी तोंड उघडलं, तेही माझ्या तापटपणाला टोमणा मारायला. त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मी पोटभर रडले.