जामच्या जिनिंगमध्ये मागे बांधलेले हात

एसटीने वर्धा जिल्ह्यातल्या जाम चौकात उतरवलं तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. टपरीवर तर्री-पोहे घेतले. पुण्याच्या जिभेला ती तर्री कुठली झेपायला! डोळे पुसतच जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, फाटकातून आत शिरलो आणि जागीच थबकलो. घरापेक्षा उंच कापसाचे ढीग उन्हात नुसते झळाळत होते. इतकं पांढरं एका जागी मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मी आलो होतो सुपरवायझरांना व्यवस्थापन शिकवायला. मॅनेजरांनी आधीच अडचण सांगितली. प्रमिलाबाई पंधरा वर्षं रेच्यावर (सरकी आणि रुई वेगळी करणारं यंत्र) काम करून गेल्या महिन्यात सुपरवायझर झाल्या, पण कुणाचाही रेचा अडला की अजून स्वतःच धावतात; बाकीच्या बाया बघत उभ्या. संध्याकाळी मी अभिप्राय द्यायचा. तो वाईट आला, तर बाई पुन्हा रेच्यावर.

सकाळभर मी काम वाटून देण्यावर बोललो. प्रमिलाबाईंनी एकच विचारलं, "दुसऱ्याले शिकवाचं त आपले हात कुठं ठेवाचे?" मी हसण्यावारी नेलं.

जेवणानंतर नव्याने लागलेल्या सुनंदाचा रेचा तुंबला. प्रमिलाबाई धावल्या, दोन पावलांवर थांबल्या आणि त्यांनी हात मागे बांधले.

"पयले बंद कर," त्या म्हणाल्या. "आता पाय (बघ), काऊन (का) अडकला."

सुनंदा चाचपडत राहिली. मॅनेजर केबिनच्या दारातून घड्याळ पाहत होते. बाईंची बोटं पाठीमागे एकमेकांत रुतली होती, पण सुटली नाहीत. बऱ्याच वेळाने सुनंदाने ओल्या कापसाचा बोळा ओढून काढला. मॅनेजर चिडून म्हणाले, तुम्ही हे दोन मिनिटांत केलं असतं.

"केलं असतं, साहेब. पन मी नसली त थे (ती) कोनाले हाक मारन?"

चारच्या सुमारास आणखी एक रेचा अडला. मी आणि मॅनेजरांनी सवयीने प्रमिलाबाईंकडे पाहिलं. त्या पार दुसऱ्या टोकाला होत्या आणि जागच्या हलल्या नाहीत. सुनंदा तिथे आधीच पोचून शेजारणीला सांगत होती, "पयले बंद कर." मी अभिप्रायाचा कागद काढला, तर मॅनेजर म्हणाले, "राहू द्या. बाई सुपरवायझरच राहतील."

परतीच्या बसमध्ये मी भारावून बसलो होतो आणि मनातून ओशाळलोही होतो. पुण्यात माझ्या हाताखाली मीनल तीन वर्षं काम करते. एकही वर्ग मी तिला घेऊ दिलेला नाही. बुटीबोरीच्या अलीकडे तिला फोन लावला. पुढचं शिबिर तू घे, म्हटलं, मी मागच्या बाकावर बसेन.