आत्याची गेरूची रेघ

सुमनआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये बसलो होतो. विषय चालला होता कंपाउंडच्या रंगाचा. महिना होऊन गेला, पण राग काही जात नाही. कुणावरचा, ते सांगतो.

आत्या बदलापूर गावातली, उल्हास नदीकाठच्या जुन्या आळीतली. तिच्यासोबत फिरायला निघायचं म्हणजे घाई घरी ठेवून यायची. मारुतीच्या देवळापासून घाटापर्यंत पाच मिनिटांची वाट, तिला तास लागायचा. दर उंबऱ्याशी थांबून कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोरीचं जमलं, सगळं विचारणार. हातात गेरूचा डबा असायचा. मोठ्या पुरात पाणी जिथवर चढलं होतं तिथे तिने भिंतीभिंतीवर आडवी रेघ ओढली होती. फिकी झाली की पुन्हा ओढायची. "नवी मानसं येत्यात, त्यांना कोन सांगनार?" एवढंच तिचं म्हणणं.

मग शेतं जाऊन इमारती आल्या. त्यातल्याच एकीत मी फ्लॅट घेतला, सेक्रेटरीही झालो. आत्याने आमच्या गेटच्या खांबावर रेघ ओढली, माझ्या छातीइतकी उंच. चेअरमन भडकले. गिऱ्हाईक रेघ बघून परत जातं, रेट पडतो... मी मान डोलावली. नोटीस मीच लिहिली आणि सहीही माझीच. पुन्हा भिंती खराब केल्यास पोलिसांत तक्रार करू, असा मजकूर.

दुसऱ्या दिवशी तोच कागद घेऊन आत्या माझ्याकडे आली. तिला वाचता येत नव्हतं. "वाच रं, काय म्हनत्यात?" मी वाचून दाखवला.

"सही कुनाची?"

"कमिटीची."

तिने कागदाची नीट घडी घातली. "ऱ्हाऊ दे. तुला तरास नको," म्हणाली. त्यानंतर ती फिरायला बाहेर पडली नाही, आणि वर्षभरात तिने अंथरूण धरलं. तिला कळलं होतं का...? मला वाटतं, कळलं होतं. आणि तरी ती मला एका शब्दाने बोलली नाही, याचाही मला राग येतो.

शोकसभेत चेअरमन म्हणाले, "आत्यांनी गावाचा इतिहास जपला." तळपायाची आग मस्तकात गेली. याच माणसाने खांबावरच्या रेघेवर रंगाचे दोन हात मारून घेतले होते. आणि मी त्याच्या शेजारी हार धरून उभा होतो. निर्लज्जपणात आम्ही दोघे सारखेच.

परवा रविवारी तळमजल्याचा फ्लॅट बघायला एक जोडपं आलं. बाईंनी विचारलं, "इथे पाणी भरतं का हो?"

"छे हो, टेन्शनच घेऊ नका. नदी कुठे, आपण कुठे," चेअरमन हसले.

"भरतं," मी म्हटलं. "मोठ्या पुरात इथे छातीएवढं होतं."

जोडपं निघून गेलं. चेअरमन माझ्याकडे वळले. "घरच्याच माणसाने घात करायचा?"

"केलाय," मी म्हटलं. "पण तुमचा नाही."